विषय: शनिवारी गरुड बघायला, आणि घरट्याच्या पत्त्याबद्दल

नमस्कार मंडळी,

आम्ही यंदाच मेरीलँडमधल्या कोलंबियात राहायला आलो. गेल्या रविवारी घरामागच्या तळ्याकाठी फिरताना मुलीनं एकदम वर बोट दाखवलं. उंच झाडाच्या बेचक्यात काड्यांचा हा मोठा ढीग आणि त्यावर चक्क दोन बाल्ड ईगल! एकानं फांदी आणली, ती नीट बसेना, मग दोघांची बराच वेळ ओढाताण चालली होती. फोनवर काढलेल्या फोटोत नुसता काळा ठिपका आलाय. आता लांबचं जवळ दाखवणारी १५०-६०० मिमीची लेन्स भाड्यानं आणतोय.

शनिवारी सकाळी मंडळातल्या मुलांना तिथेच नेऊ या का? जागेची खूण नकाशावर करून इथे टाकतो, म्हणजे ज्याला जमेल तो परस्पर येईल. कॅमेऱ्याची सेटिंग्ज काय ठेवावीत, तेही कुणीतरी सांगा.

– कोलंबियाहून

---

नमस्कार,

तुमची मेल वाचून फार आनंद झाला. पण आधी एक कळकळीची विनंती: ती खूण इथे टाकू नका. या यादीवर नको आणि फेसबुकवरही नको.

नोव्हेंबरात काड्या आणतायत म्हणजे जोडी घर शाकारतेय. तेच घरटं ती वर्षानुवर्षं वापरतात, दरवर्षी भर घालतात. आपल्या भागात जानेवारी-फेब्रुवारीकडे अंडी होतात आणि ती सुमारे ३५ दिवस उबवावी लागतात, तीही ऐन थंडीत. आईबाप उठले की अंडी गार पडायला लागतात. विणीच्या काळात पायी जाणाऱ्यांनीसुद्धा घरट्यापासून निदान ३३० फूट लांब राहावं, असं सरकारी मार्गदर्शन आहे. गरुडांना त्रास देणं हा १९४० च्या कायद्यानं गुन्हाही आहे. पण मी कायद्याच्या भीतीनं सांगत नाहीये.

बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एका घरट्याचा पत्ता ओळखीपाळखीत फिरला. फेब्रुवारीत आम्ही पाच-सहा गाड्या भरून गेलो. झाडाखाली मुलं, थर्मास, डबे. मादी उठली आणि वर घिरट्या घालायला लागली. कावळे जमले. आम्ही म्हटलं, वा, उडतानाचे फोटो मिळाले! आम्ही निघेपर्यंत ती घरट्यावर टेकली नाही. त्या वर्षी तिथे पिल्लू दिसलं नाही. आमच्यामुळेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते फोटो मी पुन्हा उघडून पाहिलेले नाहीत.

मुलांना गरुड दाखवायचेत ना? मग कोनोविंगो धरणावर या. बाल्टिमोरहून तासाभराचा रस्ता. १९२८ साली सुरू झालेलं हे सस्क्वेहाना नदीवरचं जलविद्युत धरण. टर्बाइनमधून येणारे मासे अर्धमेले होऊन खालच्या बाजूला वर तरंगतात, आणि उत्तरेकडची पाणी गोठायला लागली की गरुड इथे उतरतात. नोव्हेंबर हा ऐन हंगाम, एका दिवसात डझनांनी दिसतात. धरणाखालीच फिशरमन्स पार्क आहे. तिथे आपण गरुडाच्या दारात जात नाही, तो आपल्या समोर जेवायला येतो. माणसांची त्याला सवय झालेली असते.

भोंगा वाजला आणि लाल दिवे लागले की समजायचं, टर्बाइन सुरू होतायत. पाणी झपाट्यानं चढतं, तेव्हा मुलांना खडकांवर अजिबात उतरू देऊ नका. कॅमेरे मात्र त्याच वेळी सरसावून ठेवा. गरुड समोरच्या झाडीतून निघतो, पंख न हलवता लांबच लांब उतार धरतो. मान खाली वळली आणि पाय पुढे आले की बोट दाबायचं. मासा उचललेला दिसेपर्यंत थांबलात तर हुकलंच. त्या क्षणी काठावरच्या सगळ्यांचे कॅमेरे एकदम सुटतात, पत्र्यावर पावसाची सर आल्यासारखा आवाज होतो.

सेटिंग्ज: शटरचा वेग १/२००० सेकंदापेक्षा कमी नको, जमल्यास १/३२००. आयएसओ (म्हणजे उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, फोकस सतत पक्ष्याचा माग घेणारा. खरी पंचाईत रंगाची आहे. अंग गडद तपकिरी, डोकं पांढरंशुभ्र. मागे काळपट झाडी असली की कॅमेरा सगळं उजळवतो आणि डोक्याचा नुसता पांढरा डाग होतो, एकही पीस दिसत नाही. अशा वेळी एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) दोन-तृतीयांश स्टॉप, म्हणजे उजळपणाच्या मापानं तेवढं, कमी करा. पांढुरकं आभाळ मागे आलं तर उलट, एक स्टॉप वाढवा. डोळा फिकट पिवळा असतो, भुवईच्या हाडाखाली आत गेलेला. तो स्वच्छ आला तर फोटो जमला. पार्क पश्चिम काठावर आहे, त्यामुळे दुपारनंतर ऊन आपल्या पाठीशी येतं.

मासा पकडल्यावर कॅमेरा खाली ठेवू नका. लगेच दोन-तीन तपकिरी पोरं, म्हणजे डोकं अजून पांढरं न झालेले तरुण गरुड, मागे लागतात, हवेत पंजाला पंजा भिडतो, आणि पुष्कळदा मासा तिसराच घेऊन जातो.

एक सांगायचं राहिलं. मुलांना ‘टकला गरुड’ असं शिकवू नका. जुन्या इंग्रजीत ‘बाल्ड’ म्हणजे पांढऱ्या खुणेचा. पांढऱ्या डोक्याचा गरुड म्हणा, किंवा कोकणातल्यांनी सरळ आपल्या काकणाचा, म्हणजे तिकडच्या समुद्री गरुडाचा, भाऊबंद म्हणा. समुद्रकाठच्या उंच झाडावर काकणाचं घरटं ज्यांनी पाहिलंय त्यांना हा लगेच ओळखीचा वाटेल.

मुलांना आकडेही सांगा. १९६३ साली अमेरिकेत अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांत मिळून फक्त ४१७ जोड्या मोजल्या होत्या. डीडीटी हे कीटकनाशक माशांतून गरुडांच्या पोटात गेलं, अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसल्यावर फुटायची. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, २००७ मध्ये गरुड धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला आणि २०१९ साठीचा अंदाज आहे ७१,४०० जोड्यांचा. आपल्याकडे गुरांना देतात त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं गिधाडं गेली, भारतात त्यावर २००६ मध्ये बंदी आली, पण माझ्या लहानपणी गावाबाहेर दिसायची तशी गिधाडं अजून परतलेली नाहीत. म्हणून हे ७१,४०० मला फार मोलाचे वाटतात.

– काकू, बेल एअर

---

काकूंच्या मेलमध्ये एक भर. कोनोविंगोला काळी गिधाडंही ढिगानं असतात आणि त्यांना गाडीचं रबर फार आवडतं. गेल्या वर्षी आमचे दोन्ही वायपर आणि सनरूफची पट्टी कुरतडून ठेवली होती. ताडपत्री आणि बांधायला दोरी आणा. पार्किंग लवकर भरतं, उजाडायच्या आत पोचा. नदीवरचा वारा बोचरा असतो, मुलांना कानटोप्या हव्यातच. दुर्बिणी माझ्याकडे तीन आहेत, आणतो.

– टाउसनहून

---

काकू, नमस्कार.

खूण टाकली नाही, मुलीलाही शाळेत सांगू नको म्हटलंय. तळ्यावर आता पलीकडच्या काठावरून दुर्बिणीनंच बघतो.

शनिवारी अकराशे फोटो काढले, त्यातले नऊ ठेवले. भोंगा वाजल्यावर सगळे गप्प झाले, तो क्षण मुलीच्या फार लक्षात राहिलाय. आणि गरुडाचा आवाज! सिनेमात ऐकतो ती घुमणारी किंकाळी वाटली होती, ही तर बारीक किणकिण.

सोबत एक फोटो जोडलाय. अंग तपकिरी, पोटावर पांढरे ठिपके, डोकं मळकट पांढरं आणि डोळ्यावरून मागे गेलेली काळपट पट्टी. मुलगी विचारतेय, हा केवढा असेल?

– कोलंबियाहून

---

तिला सांगा, साधारण साडेतीन वर्षांचा. ती डोळ्यावरची पट्टी त्याच वयात असते. पुढच्या नोव्हेंबरात हाच आला तर डोकं बरंच पांढरं झालेलं असेल. फोटोत डोळा छान आलाय.

– काकू