प्ले नेमका कुठे, ते आधी शोधा

तुमच्या जुन्या व्हॅनचं स्टीअरिंग दोन-तीन इंच फुकट फिरतं (यालाच प्ले म्हणतात) आणि मेकॅनिक म्हणतोय "बॉक्सच बदला". थांबा जरा. बॉक्स, म्हणजे स्टीअरिंगचा गिअरबॉक्स, हा शेवटचा संशयित.

आधी टायरमधली हवा बघा. मग गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवरच ठेवून, एकाला स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं-थोडं हलवायला लावा आणि तुम्ही खाली वाका. (दुपारी नको, सोलापूरच्या उन्हात खालची फरशी पाठ भाजते.) कॉलमच्या (स्टीअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटपासून सुरुवात करा. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला, चाकांकडे हालचाल नेणारा हात) गप्प, तर दोष बॉक्सचा. आर्म हलतोय आणि चाक हलत नाही, तर दोष टाय रॉड एंडचा (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट) किंवा ड्रॅग लिंकचा (आर्मकडून चाकाकडे जाणारा दांडा). जॉइंटवर बोट ठेवलं की 'टक्' जाणवतं, डोळ्याला दिसत नसलं तरी. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्टही बघा. माझ्या गाडीत तेच ढिले निघाले, तोवर मी दोन एंड बदलून बसलो होतो!

नंतर पुढचं चाक जॅकवर उचलून घोडी (आधाराचा स्टँड) लावा. चाक वर आणि खाली धरून हलवल्यावर खुळखुळलं, तर बेअरिंग किंवा किंगपिन (ज्या पिनवर चाक वळतं ती). ब्रेक दाबून धरल्यावर खुळखुळ थांबली, तर बहुधा बेअरिंगच.

बॉक्सवरचा प्ले कमी करायचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू मात्र उगाच आवळू नका. जास्त आवळला तर वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही.

एंड बदलले तर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करूनच तुळजापूरचा घाट चढा.