‘कॉन्फिगर’ फाइल गिटमध्ये ठेवायची का? प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी तयार होते

शिरोली_भट्टी
शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रींसाठी भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणारा, सी मधला मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. तो ऑटोटूल्स (ऑटोकॉन्फ, ऑटोमेक वगैरे, प्रोग्राम बांधण्यासाठीच्या स्क्रिप्ट तयार करणारी साधनं) वापरतो. आपण कॉन्फिगर.एसी लिहितो, त्यावरून साधनं कॉन्फिगर तयार करतात; तयार झालेल्या कॉन्फिगर आणि मेकफाइल.इन या फाइली गिटमध्येच (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) आहेत. एकाकडे उबुंटू २०.०४, म्हणजे ऑटोकॉन्फ २.६९, दुसऱ्याकडे २२.०४, म्हणजे २.७१; तिसऱ्याकडे मॅक. कॉन्फिगर.एसीत दोन ओळी बदलल्या तरी कॉन्फिगरमध्ये हजारो ओळी हलतात. कधी नुसतं क्लोन करून मेक केलं तरी ‘अ‍ॅकलोकल-१.१६ (ऑटोमेकमधलं एक साधन) सापडत नाही’ म्हणून अडतं. फाइली काढाव्यात, तर कारखान्यातल्या मशीनवर फक्त जीसीसी (सी कंपायलर) आणि मेक आहे, इंटरनेट नाही. काय करावं?

राजारामपुरी_मेक
काढाच. कारखान्याला गिट द्यायचंच नाही, टारबॉल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) द्यायचा. ‘मेक डिस्टचेक’ने बनवलेल्या टारबॉलमध्ये कॉन्फिगर असतंच, तिथे ऑटोटूल्स लागत नाहीत. ‘गिट आरएम --कॅश्ड’ करून त्या फाइली गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत) टाका आणि ऑटोजेन स्क्रिप्टमध्ये ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ एवढीच ओळ ठेवा. लिबटूलाइझ हे साधन थेट बोलवू नका, होमब्रूत (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) त्याचं नाव जीलिबटूलाइझ आहे.

एक गोष्ट हमखास नडते. पीकेजी-कॉन्फिग (लागणाऱ्या लायब्ररी शोधणारं साधन) बसवलेलं नसेल तर ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’ हा मॅक्रो (ज्याच्या जागी पूर्ण कोड भरला जातो असं नाव) न उलगडता तसाच कॉन्फिगरमध्ये उतरतो. ऑटोरीकॉन्फ गप्प राहतं आणि पुढे कॉन्फिगर चालवताना ‘सिंटॅक्स एरर’ येते, तीही भलत्याच ठिकाणी बोट दाखवणारी. कॉन्फिगर.एसीच्या सुरुवातीला ‘एम४_पॅटर्न_फॉरबिड([^पीकेजी_])’ लिहा, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते.

पंचगंगा_शेल
काढणं हा एकच मार्ग नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रकल्प कॉन्फिगर गिटमध्येच ठेवतो, पण ऑटोकॉन्फची नेमकी आवृत्ती ठरवून. नुसता आकडा जुळून भागत नाही हेही बघा: डेबियन-उबुंटूच्या २.६९ मध्ये ‘रनस्टेटडिर’ या पर्यायाचा पॅच (वरून जोडलेला बदल) आहे, मूळ ग्नूच्या २.६९ मध्ये नाही, म्हणून दोघांचं कॉन्फिगर वेगळं निघतं. ठेवायचंच असेल तर सगळ्यांनी एकाच कंटेनरमध्ये (ठरलेल्या आवृत्त्यांची साधनं असलेल्या बंदिस्त वातावरणात) तयार करा आणि सीआयमध्ये (आपोआप बांधणी-तपासणी करणाऱ्या सर्व्हरवर) पुन्हा तयार करून ‘गिट डिफ --एक्झिट-कोड’ लावा, म्हणजे फरक निघाला की तपासणी नापास होते.

अ‍ॅकलोकलच्या अडचणीचं मूळ वेळेत आहे. गिट फाइलींच्या वेळा जपत नाही; चेकआउटमध्ये कॉन्फिगर.एसी क्षणभर नंतर लिहिली गेली की मेकला वाटतं कॉन्फिगर शिळं झालं, आणि ते अ‍ॅकलोकल शोधायला जातं. आधी अ‍ॅकलोकल.एम४ ला (मॅक्रोंची फाइल) टच करा, म्हणजे तिची वेळ आत्ताची करा, मग कॉन्फिगर, कॉन्फिग.एच.इन आणि सगळ्या मेकफाइल.इनना. कायमचा उपाय हवा तर कॉन्फिगर.एसीत ‘एएम_मेंटेनर_मोड’ घाला, म्हणजे मेक स्वतःहून या फाइली पुन्हा तयार करायला जात नाही.

शिरोली_भट्टी
धन्यवाद दोघांनाही. काढायचं ठरवतो. टारबॉल कुणाच्या मशीनवर बनवावा?

रंकाळा_रूट
कुणाच्याच नको. सीआयमध्ये, टॅगवरून (गिटमध्ये आवृत्तीला लावलेली खूण), डेबियन १२ च्या कंटेनरमध्ये बनवा; त्यात ऑटोकॉन्फ २.७१ आहे. तयार झालेलं कॉन्फिगर साधी शेल स्क्रिप्ट असते, कारखान्यातल्या जुन्या मशीनवरही चालते.

हे मनापासून सांगतोय, कारण २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये टारबॉलवाटे बॅकडोर (छुपा शिरकाव) घुसवला गेला: बदललेली बिल्ड-टू-होस्ट.एम४ फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. तिथे ऑटोरीकॉन्फ पुन्हा चालवूनही उपयोग नव्हता, कारण विष त्या एम४ फाइलमध्येच होतं आणि कॉन्फिगर तिच्यावरूनच तयार होतं. म्हणून टारबॉल उघडून त्यातले एम४ फोल्डर आणि .सी फाइली टॅगशी ‘डिफ -आर’ने ताडून बघा. गिटमध्ये नसलेली प्रत्येक फाइल कुठल्या साधनाने आणली, ते रिलीजच्या नोंदीत लिहा.