संभाजीनगरचा बंगला: कार्यक्रम रद्द झाला तर पैशांचं काय?

प्रेषक: उदगीरकर, एडिसन

नमस्कार मंडळी,

आम्ही इथे अमेरिकेत, आणि जानेवारीत सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन छत्रपती संभाजीनगरला करायचं ठरलंय. उदगीर, नांदेड, परभणी, सगळीकडून माणसं येणार. हॉटेलात विखुरण्यापेक्षा एकत्र राहावं म्हणून वेरूळ रस्त्यावरचा एक मोठा बंगला एअरबीएनबीवर (घरं भाड्यानं देणाऱ्या साइटवर) बघून ठेवलाय. रद्द करण्याची अट 'फर्म' आहे. सासूबाईंची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, त्यामुळे जीव थोडा टांगणीला आहे. दीर म्हणतात, मालकाला परस्पर इसार देऊन टाकू, स्वस्तात पडेल. विमा घ्यावा का? घ्यायचा तर कसला? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया लिहावं.

प्रेषक: अंबाजोगाईकर, ह्यूस्टन

वहिनी, विमा घ्याच. पण त्याआधी 'फर्म'चा हिशेब बघा. चेक-इनच्या 30 दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत. 30 ते 7 दिवसांच्या मधे केलं तर निम्मे, आणि त्यानंतर काहीच नाही. ही मुदत बंगल्याच्या घड्याळाप्रमाणे मोजतात. हिवाळ्यात तुम्ही भारतापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे तिथे दुपारी 2 वाजता मुदत संपणार असेल तर एडिसनला पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील. शेवटच्या दिवशी सकाळी उठून ठरवू असं म्हणालात तर मुदत टळलेली असेल. कॅलेंडरवर एक दिवस आधीचीच खूण करा.

घरचं कुणी आजारी पडलं तर साइट पैसे परत करेल, या भरवशावर राहू नका. मोठ्या आपत्तीसाठी त्यांचं वेगळं धोरण आहे, त्यात नैसर्गिक आपत्ती, जाहीर झालेली साथ, सरकारी प्रवासबंदी वगैरे येतं. पाहुण्याचं आजारपण त्यात बसत नाही. विम्याची गरज आहे ती इथेच.

आता सासूबाईंचं. त्या भारतातच आहेत, प्रवास तुम्ही करणार. तरी बहुतेक अमेरिकी पॉलिसींत प्रवास न करणारे जवळचे नातेवाईक धरलेले असतात, त्यांच्या गंभीर आजारपणामुळे तुमचं जाणं रद्द झालं तरी दावा करता येतो. मेख आहे ती जुन्या आजाराच्या कलमात. पॉलिसी घेण्याआधीच्या 60 ते 180 दिवसांत उपचार किंवा औषधात बदल झाला असेल तर तो जुना आजार धरतात, आणि बऱ्याच ठिकाणी हे घरी असलेल्या नातेवाइकालाही लागू होतं. या कलमातून सूट मिळते, पण त्यासाठी पहिला पैसा भरल्यापासून साधारण 14 ते 21 दिवसांत पॉलिसी घ्यावी लागते, आणि परत न मिळणारा सगळा खर्च त्यात दाखवावा लागतो. दिवाळीनंतर बघू म्हणाल तर ही सूट गेलेली असेल. ती सासूबाईंच्या आजारालाही लागू आहे ना, हे कंपनीकडून लेखी घ्या.

यापेक्षा मोठी गोष्ट आपल्याकडच्या सुतकाची. चुलत घराण्यात कुणी गेलं तर दहा दिवस कार्य होत नाही, हे आपल्याला सांगावं लागत नाही. विमा कंपनीला मात्र ते ठाऊक नाही. पॉलिसीत 'कुटुंबीय' या शब्दाची व्याख्या छापलेली असते. आईवडील, सासूसासरे, भावंडं, मुलं, आजीआजोबा त्यात असतात, पुष्कळदा काका-मामा-आत्याही असतात. सासऱ्यांचे चुलतभाऊ नसतात. उद्या तसं काही झालं तर सगळा खर्च अंगावर. भाऊबंदकी एवढी मोठी असलेल्या घरानं म्हणूनच 'कुठल्याही कारणानं रद्द' हे जोडकलम घ्यावं असं माझं ठाम मत आहे. त्यात 50 ते 75 टक्के परत मिळतात आणि कारण द्यावं लागत नाही. हप्ता बराच वाढतो, पण सुतकाला दुसरा इलाज नाही. हेही सुरुवातीच्या त्याच मुदतीत घ्यावं लागतं, आणि रद्द करायचं ते निघण्याच्या किमान 48 तास आधी.

परस्पर इसार देऊ नका. रोख पैसे, चिठ्ठीवर सही, असल्या व्यवहारात विमा कंपनीला दाखवायला काय राहतं? त्यांना बिल लागतं, रद्द केल्याचा कागद लागतो, किती परत मिळाले याचा पुरावा लागतो. बुकिंग करताना अटींच्या पानाचा फोटो काढून ठेवा. आजारपण आलंच तर हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचं पत्र लगेच मागून घ्या, नंतर नांदेडहून कागद मागवताना फार धावपळ होते.

आणखी एक, तुमची पॉलिसी तुमचाच वाटा भरून देईल. दिरांनी बंगल्याचे निम्मे पैसे दिले तर त्यांचा निम्मा हिस्सा तुमच्या विम्यात नाही.

प्रेषक: पैठणकर (सध्या मुक्काम संभाजीनगर)

ताई, ह्यूस्टनच्या भाऊंनी लिहिलंय ते पटलं. इथल्या बाजूनं सांगतो. आपल्याकडचे मालक पैसे परत द्यायला नाखूश असतात, पण तारीख पुढे ढकलून द्यायला बऱ्याचदा तयार होतात. बुकिंगआधीच विचारा, पण फोनवर नको, साइटच्या मेसेजमधेच, म्हणजे लेखी राहील.

जानेवारी ठेवलात हे बरं केलंत. काही जण महालक्ष्म्यांना येतात तेव्हा पावसाचं खरं नसतं. 2025 च्या सप्टेंबरात जायकवाडीचं पाणी सुटलं आणि पैठणला सखल भागातली घरं रिकामी करावी लागली. असं काही टीव्हीवर दिसायला लागल्यावर घेतलेला विमा त्या पुरासाठी चालत नाही, तो आधीच घेतलेला लागतो.

पाहुण्यांसाठी बस ठरवणार असाल तर वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळची लेणी मंगळवारी बंद. घृष्णेश्वराचं दर्शन मात्र मंगळवारीही होतं.

प्रेषक: उदगीरकर, एडिसन

दोघांचेही मनापासून आभार. सुतकाचा विचार आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मालकाला तारखेबद्दल मेसेज टाकलाय, उत्तर आल्यावरच पैसे भरणार, तेही सगळे आमच्याच कार्डावरून. दिरांचा हिस्सा कार्यक्रम झाल्यावर घेऊ. विमा कंपनीला 'कुटुंबीय' शब्दाची व्याख्या आणि सासूबाईंच्या जुन्या आजारासाठीच्या सवलतीचं ईमेलनं विचारलंय. उत्तर आलं की इथे टाकते, पुढच्या हिवाळ्यात गावी जाणाऱ्यांना लागेल.