मदत हवी आहे: १९७६ ची प्रीमियर पद्मिनी, वीस वर्षांत केलेले बदल आणि नोव्हेंबरात संपणारी नोंदणी

नमस्कार,

माझ्याकडे नोव्हेंबर १९७६ मध्ये नोंदणी झालेली प्रीमियर पद्मिनी आहे. येत्या नोव्हेंबरात तिला पन्नास वर्षे पूर्ण होतील आणि योगायोगाने त्याच महिन्यात तिच्या नोंदणीची मुदतही संपते आहे. नेहमीप्रमाणे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे, की व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणीसाठी अर्ज करावा, हे मला त्याआधी ठरवायचे आहे. आणि गेल्या वीस वर्षांत मी गाडीत केलेल्या बदलांपैकी कोणते ठेवायचे व कोणते काढायचे, हे त्या निर्णयावर अवलंबून आहे. प्रश्न दोन ओळींत विचारता आला असता, परंतु काय केले आणि कशासाठी केले हे कळल्याशिवाय कोणी नेमका सल्ला देऊ शकणार नाही, म्हणून हे लांबण लावतो आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

ही माझी पहिली गाडी. २००५ साली सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांकडून मी ती अठ्ठावीस हजारांना घेतली. त्या पैशांत थोडी भर घालून जुनी मारुती ८०० घ्यावी, असे मला प्रत्येकाने सांगितले होते आणि व्यवहार पाहता ते बरोबरच होते. मात्र लहानपणी मुंबईला मामांकडे जाताना काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून चालकाचा स्टिअरिंगखालचा हातगिअर पाहत राहायचे, ही सवय मला लागली होती, आणि ती गाडी घेतल्यावाचून सुटणारी नव्हती. घरात तिला आजही सगळे ‘फियाट’च म्हणतात. त्यात चूक फारशी नाही, कारण कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनणारी फियाट ११०० डिलाइटच पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावाने विकली गेली.

मी घेतली तेव्हा गाडी बहुतांशी मूळ रूपात होती: १०८९ सीसीचे इंजिन, सोलेक्स कार्बुरेटर, डायनॅमो, पॉइंट-कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणारी जुनी यांत्रिक जोडी) आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. पहिल्या तीन-चार वर्षांत जे बदल केले, त्यांविषयी आजही माझ्या मनात शंका नाही. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, त्यामुळे पावसात वायपर आणि दिवे एकदम लावले की गाडी मलूल होण्याचे थांबले. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. हॅलोजन दिव्यांना रिले लावले, कारण तेवढा प्रवाह जुन्या स्विचमधून जाऊ दिला तर स्विच तापून वितळतो. पुढे रेडियल टायर आणि बकेट सीट आल्या. या सगळ्या वस्तू नटबोल्टांनी बसवलेल्या आहेत, मूळ भाग तेल लावून माळ्यावर ठेवले आहेत, आणि एका आठवड्याच्या सुट्टीत सारे पूर्ववत करता येईल.

त्याच काळात इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवला. ज्यांनी ही गाडी मे महिन्यात चालवली आहे त्यांना ओल्या फडक्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. मूळ यांत्रिक पंप (ज्याला ‘एसी पंप’ म्हणतात) इंजिनाच्या अंगालाच असल्याने तापतो, त्यात पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी चढावर मध्येच बंद पडते. मग बॉनेट उघडून पंपावर ओला फडका टाकायचा आणि दहा मिनिटे झाडाखाली उभे राहायचे. नवा पंप मी टाकीजवळ बसवला आणि त्याला ऑइल प्रेशरवर चालणारा कटऑफ दिला, म्हणजे इंजिन बंद पडले तर पंप पेट्रोल ढकलत राहत नाही. असा पंप बसवणाऱ्यांपैकी फार थोडे हा कटऑफ लावतात, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

२००९ साली मी जे केले त्याचा मात्र आज पश्चात्ताप होतो. हातगिअरच्या जोडण्यांमधले बुश झिजले होते आणि दुसरा गिअर टाकताना कधी कधी लिव्हर मध्येच अडकत असे. नवे बुश कोणत्याही लेथवर दोन दिवसांत करून मिळाले असते. परंतु तेव्हा फ्लोअर गिअरची हवा होती आणि माझे वय तिशीचे होते. तयार संच आणला, मधल्या टनेलचा (गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याचा) सुमारे चार बाय सहा इंचांचा पत्रा कापला आणि फ्लोअर गिअर बसवला. तो चालतो उत्तम. पण ज्या हातगिअरच्या ओढीने गाडी घेतली तोच मी काढून टाकला, हे लक्षात यायला मला दोन वर्षे लागली. कापलेला पत्रा आणि जुन्या जोडण्या मी जपून ठेवल्या आहेत.

२०१२ मध्ये इंजिन उघडावे लागले. सिलिंडर झिजले होते, म्हणून ते चाळीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) बोर करून, म्हणजे आतून मोठे करून, ओव्हरसाइज पिस्टन घातले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळते आणि शिशाचे वंगण नसल्याने जुन्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) झिजून खोल जातात, त्यामुळे हेड उघडलेलेच आहे तर कठीण धातूच्या सीटही घालून घेतल्या. ब्लॉक तोच आहे आणि त्यावरचा क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतो. प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीचे निस्सान इंजिन आणि गिअरबॉक्स घालून घ्या, असे त्या वेळी बऱ्याच जणांनी सुचवले होते. मी ते केले नाही, आणि आता वाटते की माझ्या हातून घडलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच असावी.

आता ब्रेकविषयी, कारण खरी अडचण तिथे आहे. आमचे गाव साखरप्याच्या बाजूला असल्यामुळे कोल्हापूरहून आंबा घाट उतरणे वर्षातून सात-आठ वेळा होतेच. २०१४ च्या गणपतीत चार माणसे आणि सामान घेऊन उतरत असताना अर्ध्या घाटात ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले आणि शेवटच्या वळणांवर ते जवळजवळ तळाला टेकले. गिअर दुसऱ्यात होता म्हणून निभावले. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही उष्णतेने कमी होते, आणि बंद डब्यासारख्या रचनेमुळे ती उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. हे सारे मी पुस्तकात वाचले होते, परंतु मागच्या सीटवर आई बसलेली असताना ते पायाला कळणे वेगळे असते.

पुढच्या वर्षी उद्यमनगरातून जाड पोलादी पट्टीचे ब्रॅकेट करून घेतले आणि दुसऱ्या गाडीचे कॅलिपर व डिस्क पुढच्या चाकांना बसवले. त्यानंतर असे लक्षात आले की चाके हाताने फिरवली तर जड फिरतात आणि वीस किलोमीटर चालवल्यावर डिस्कला हात लावता येत नाही. कारण शोधायला दोन महिने गेले. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाय काढल्यानंतरही लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवतो. ड्रमला त्याचा उपयोग होतो, डिस्कवर मात्र त्याच दाबाने पॅड सतत घासत राहतात. शिवाय जुना सिलिंडर एकाच सर्किटचा होता, म्हणजे एक नळी फुटली की चारही ब्रेक जाणार. २०१६ मध्ये मी दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर बसवला, पुढच्या लाइनमधून तो व्हॉल्व्ह वगळला आणि मागच्या ड्रमसाठी तो ठेवला. तेव्हापासून घाटात पेडल एकदाही मऊ पडलेले नाही.

एक दोष तरीही शिल्लक आहे. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाके पुढच्यांच्या आधी अडकतात आणि गाडीची शेपटी किंचित सरकते. मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा, असे एकांचे मत आहे. मागचे व्हील सिलिंडर कमी व्यासाचे घालावेत, असे दुसऱ्यांचे. ज्यांनी पद्मिनीवर यांपैकी काही प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया कोणता भाग वापरला ते लिहावे.

गेल्या दोन वर्षांत पेट्रोलचा प्रश्न वाढला आहे. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वत्र आल्यापासून कार्बुरेटरच्या आधीची रबरी नळी मऊ पडून चिकट झाली, फ्लोट चेंबरच्या तळाशी तपकिरी गाळ साचू लागला आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर सुरू व्हायला कुरकुर करते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि त्याच्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर (कार्बुरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, एवढे मला समजते. नळ्या बदलून व्हिटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) घातल्या आहेत. मेन जेट किती वाढवावा याचा मात्र अंदाज येत नाही. स्पार्क प्लगचा रंग पांढरट आहे आणि चढावर इंजिन धापा टाकते. आपण एक पायरी मोठा जेट घातला की दोन, आणि मायलेजवर किती परिणाम झाला?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर पडली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटून गेलेली खाजगी वाहने व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात. अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि त्यात चासिस, बॉडी किंवा इंजिन बदलण्यासारखी मोठी फेरफार झालेली नसावी. शुल्क वीस हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते. परंतु असे वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतेच ते बाहेर काढायचे असते. दुसरीकडे साधे नूतनीकरण केले तर ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारीसाठी दहा हजार रुपये शुल्क आहे, हरित कर निराळा, आणि दर पाच वर्षांनी तपासणी आहेच. पण गाडी गावाला नेता येते.

तपासणीच्या वेळी बदलांचा मुद्दा निघू शकतो, याचीही मला जाणीव आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या रूपापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याला दुजोरा दिला आहे. २०२१ च्या तपासणीत माझ्या डिस्क ब्रेककडे कोणी पाहिले नाही. या वेळी कोणी पाहिले तर काय उत्तर द्यावे, हे मला माहीत असायला हवे.

सौभाग्यवतींचे म्हणणे सरळ आहे: “गाडी चालवायला घेतली होती, पाहुण्यांना दाखवायला नाही.” मुलगा मात्र व्हिंटेजच्या बाजूने आहे, कारण त्यामुळे पुढे कधी ती भंगारात काढण्याची वेळ येणार नाही, असे त्याला वाटते. मी मधे अडकलो आहे. टनेलचा पत्रा पुन्हा जोडून हातगिअर बसवायचा, हे मी कुठल्याही परिस्थितीत करणार आहे. डिस्क ब्रेक काढून पुन्हा ड्रम घालायला मात्र माझे मन धजत नाही, आणि ते घातलेच तर आंबा घाट त्या गाडीने उतरणार नाही, हेही नक्की आहे.

म्हणून ज्यांनी आपल्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा स्टँडर्ड हेराल्डची व्हिंटेज नोंदणी प्रत्यक्ष केली आहे, त्यांना माझे विचारणे असे आहे. तपासणी समितीने बोर केलेल्या इंजिनाला मोठी फेरफार मानले का, की ब्लॉकचा क्रमांक जुळणे पुरेसे ठरले? अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन अशा नटबोल्टांवरच्या गोष्टींबद्दल काही विचारणा झाली का? सुरक्षेसाठी बदललेले ब्रेक आहेत असे अर्जात आपणहून लिहावे की नाही? आणि साधे नूतनीकरण करून २०३१ पर्यंत गाडी चालवावी व नंतर व्हिंटेजसाठी अर्ज करावा, असे केल्यास काही अडचण येते का?

हातगिअरच्या कामासाठी कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव परिसरातील अशा कारागिराची माहिती हवी आहे, ज्याने टनेलचा पत्रा जुन्या रेषेत जोडला आहे आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकू दिलेला नाही. तीन ठिकाणी विचारले. तिघांनीही वरून नवी पट्टी मारून पुट्टी भरू, असे सांगितले.