उत्तर: भाचीने मरिन कॉन्झर्वेशनमध्ये पीएचडी करावी का?
ताई, भाचीचं फिशरीजमध्ये मास्टर्स झालंय आणि आता मरिनमध्ये पीएचडी करू द्यावी का असं विचारलंत, तर माझ्या मते बिनधास्त करू द्या. मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहेच, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. पण नुसतं लॅबचं काम नाही हं हे, पहाटे ससून डॉकला लिलावाच्या गडबडीत पापलेट पट्टीवर मोजायचं, पोट चिरून गाबोळी (पोटातली अंडी) किती पिकलीय ते बघायचं, कारण मासा किती लांबीला पहिल्यांदा अंड्यावर येतो ते कळल्याशिवाय कमीत कमी किती मोठा मासा पकडायचा हा नियम कशावर ठरवणार? पापलेट २०२३ ला राज्यमासा झाला, पिल्लं मात्र अजून जाळ्यात येतातच. त्यात बारीक जवळा पकडायला डोलीचा, म्हणजे डोल जाळ्याचा, आस (जाळ्याचं भोक) बारीकच लागतो, म्हणून कोळीवाड्यात बसून कोळ्यांचं ऐकून घ्यायची तयारी हवी, मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जून-जुलैची मासेमारी बंदी उठली की तिला एकदा डॉकवर नेऊन आणा.