आईच्या स्वादुपिंडात पाण्याची गाठ: नळी घालावी का?

डोंबिवलीची_लेक:
आई ५१ वर्षांची. पित्ताशयात खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली. खडे नाहीत, पण स्वादुपिंडाच्या शेपटीकडे पाण्याची गाठ निघाली, सीटीत ४.६ सेंमी. एक डॉक्टर म्हणाले, “स्यूडोसिस्ट दिसतेय, म्हणजे सूज किंवा मार लागल्यावर पाणी साचून झालेली खोटी गाठ. नळी घालून पाणी काढून टाकू.” पण आईच्या स्वादुपिंडाला कधी सूज आलेली नाही, पोटाला मार नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. परळला दुसरं मत घ्यावं का? लोकलमध्ये उभ्याने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

निवांत_नाना:
घाबरू नका हो. आमच्या मेव्हण्याची अशीच गाठ आपोआप जिरली.

मेणाचा_ब्लॉक:
नाना, मेव्हण्यांना आधी पॅन्क्रिआटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, झाला असणार. इथे तो नाही, सगळा फरक तिथेच आहे.

ताई, मी डॉक्टर नाही. इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, निवृत्त झाले. सूज नाही, मार नाही, तर स्यूडोसिस्ट हा शब्द आमच्या मॅडम रिपोर्टमध्ये सहजासहजी येऊ देत नसत. पन्नाशीची बाई, शेपटीकडे एकच गाठ, म्हणजे म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम (चिकट द्रवाने भरलेली गाठ) आहे का ते आधी बघावं लागतं. ही पुढेमागे कॅन्सरकडे वळू शकते, म्हणून नळी घालून मोकळं होता येत नाही. जवळपास सगळ्या रुग्ण बायकाच. स्लाइडवर भिंतीत चक्क अंडाशयासारखं ऊतक दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ब्लॉकची (नमुना बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्याची) अदलाबदल झाली. रजिस्टर दोनदा तपासलं!

मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे असतील तर बहुधा सिरस, म्हणजे पातळ पाण्याची गाठ, ती सहसा निरुपद्रवी. स्वादुपिंडाच्या नळीशी जोडलेली असेल तर आयपीएमएन, म्हणजे नळीतच वाढणारी म्युसिनस गाठ; ते एमआरसीपीत (नळ्या दाखवणाऱ्या एमआरआयत) कळतं. अर्धी घट्ट, अर्धी पोकळ गाठ बहुतेक तरुण मुलींत सापडते. व्हर्जिनिया फ्रँट्झ या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनी १९५९ मध्ये तिचं वर्णन केलं.

तरी उलगडा झाला नाही तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडातून दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी) करून सुईने थोडं पाणी घेतात. म्युसिनस असेल तर कधी कधी थेंबाला पाकासारखी तार सुटते. त्या पाण्यात सीईए हे प्रथिन १९२ (एनजी/मिली) च्या वर किंवा ग्लुकोज ५० (मिग्रॅ/डेलि) च्या खाली असेल तर संशय म्युसिनसचा. अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम २५० (युनिट/लिटर) च्या खाली असेल तर स्यूडोसिस्ट जवळजवळ बाद. पण सीईए जास्त म्हणजे कॅन्सर, असं मुळीच नाही. आणि सायटोलॉजीत, म्हणजे पेशींच्या तपासणीत, काही सापडलं नाही म्हणून सुटलो, असंही नाही, कारण पाण्यात पेशीच कमी येतात. पाणी जेमतेम आलं तर कोणती तपासणी आधी लावणार, ते मात्र विचारून घ्या.

डोंबिवलीची_लेक:
नळी रद्द केली. परळला दाखवलं, गुरुवारी एमआरसीपी आहे. सर्जन म्हणाले, ऑपरेशन ठरलं तर प्लीहाही काढावी लागेल कदाचित. आई तेव्हापासून गप्पच आहे.

मेणाचा_ब्लॉक:
प्लीहा काढणार असतील तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या जंतुसंसर्ग टाळणाऱ्या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घेतात. तारीख ठरली की लगेच विचारा, नंतर धावपळ होते. आणि जुन्या सीटीची सीडी न्या, नुसता कागद नको. भिंतीत घट्ट गाठ आहे का, हे त्यांना स्वतः बघायचं असतं. आईंना माझा नमस्कार सांगा.