ग्राहकाने सीएमआरटी मागितलाय, सोल्डरमधलं कथील कुठून येतं हे कसं शोधायचं?

भोसरीची_मानसी
नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या पीसीबी असेंब्ली युनिटमध्ये परचेस बघते. आमचा एक ग्राहक एक्सपोर्ट करतो, त्याने मागच्या आठवड्यात सीएमआरटी नावाची एक्सेल शीट पाठवली आणि दहा दिवसांत भरून द्या म्हणाला, त्यात टिन (म्हणजे कथील), टँटलम, टंगस्टन आणि सोनं कुठून येतं ते विचारलंय, टिनसाठी तर स्मेल्टरची, म्हणजे खनिज वितळवून धातू काढणाऱ्या कारखान्यांची नावंच द्यायचीत. आमच्या वेव्ह मशीनला (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणारं मशीन) सॅक ३०५ या सोल्डरचे बार लागतात, शिवाय थोडी पेस्ट आणि वायर. टेस्ट सर्टिफिकेटवर टिन ९६.५, चांदी ३, तांबं ०.५ टक्के एवढं लिहिलंय, बॅच नंबर आहे, पण कथील कुठलं याचा पत्ता नाही. डीलर म्हणतो "मॅडम सगळे लेटरहेडवर कॉन्फ्लिक्ट फ्री लिहून देतात, मीपण देतो, लावून टाका". माझं मन घेत नाही, कारण खाली सही माझी असणार आहे.
महिन्याला जेमतेम ४० किलो घेणाऱ्याने माग काढायचा तरी कसा? आणि काँगोचा माल नाही एवढं लिहून घेतलं की झालं का?

क्वालिटीवाला_नाशिक
मानसीताई, सही करायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. आधी हे कुठून आलं ते सांगतो. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात कलम १५०२ आहे, त्यामुळे तिथल्या शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना आपल्या मालातल्या या चार धातूंची चौकशी करून कळवावं लागतं, काँगो आणि त्याला लागून असलेले नऊ देश त्यात येतात, कारण तिथल्या या खनिजांच्या पैशावर सशस्त्र टोळ्या पोसल्या जातात, अशा पैशाशी संबंध नसलेला माल तो "कॉन्फ्लिक्ट फ्री". ती कंपनी तिच्या सप्लायरला विचारते, तो पुढच्याला, असं करत करत ते तुमच्या टेबलावर येतं. त्यात किमान वजनाची सूट नाही म्हणून ४० किलोवालेही सुटत नाहीत. (युरोपचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, तो युरोपातल्या आयातदारांवर आहे, तोही वर्षाला ठराविक वजनाच्या वर आणणाऱ्यांना, त्याची काळजी तुम्हाला नको.)
खाण शोधायच्या मागे लागू नका, ते तुमच्या-माझ्या हातातलं नाही. खाणी असंख्य, बोर्ड बनवणारेही असंख्य, पण मधे स्मेल्टर मोजकेच. खनिज वितळून एकदा धातू झाला की कुठल्या खाणीतलं कुठलं हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून सगळी तपासणी स्मेल्टरच्या दारात होते. तुम्ही डीलरला सोडा, बार बनवणाऱ्या कंपनीला थेट मेल टाका आणि त्यांचा स्वतःचा भरलेला सीएमआरटी मागा. त्यात प्रत्येक स्मेल्टरला सीआयडी या अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, तो आरएमआयच्या (रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्ह, स्मेल्टरच्या ऑडिटचा कार्यक्रम चालवणारी संस्था) साइटवरच्या यादीशी ताडून बघा, ऑडिटमध्ये पास झालेले तिथे कन्फॉर्मंट म्हणून दिसतात.
एक चूक आमच्याकडे झाली होती ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. आमच्या मुलाने स्मेल्टरच्या रकान्यात सोल्डर बनवणाऱ्याचंच नाव टाकलं. तो बार ओततो, खनिज वितळवत नाही. पूर्ण शीट परत आली आणि ग्राहकाचा ऑडिटर पुढे सहा महिने आमच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने बघायचा.

बांका_रिटर्न्स
दुसऱ्या प्रश्नावर मला मनापासून बोलायचंय. "काँगो नको" असं कृपा करून लिहू नका. २०१० च्या सप्टेंबरमध्ये काँगो सरकारने पूर्वेकडच्या तीन प्रांतांत खाणकाम बंद केलं, ते २०११ च्या मार्चमध्ये उठलं, पण तोवर कायद्याच्या धास्तीने परदेशी खरेदीदारच पळाले. बंदूकवाल्यांनी दुसरे धंदे शोधले आणि उपाशी मेला तो खोऱ्या-फावड्याने खणणारा. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. पूर्व काँगोतली बिसीची कथलाची खाण घ्या, पूर्वी तिथून माणसं ५०-५० किलोची पोती पाठीवर घेऊन जंगलातून चालत यायची आणि वाटेत शिपाई वसुली करायचे. आज तिथे यंत्रांची मोठी खाण आहे, जगातलं सुमारे ६ टक्के कथील एकट्या तिथून निघतं. तरी २०२५ च्या मार्चमध्ये एम२३ या बंडखोर गटाचे लोक त्या भागातल्या वालिकाले गावापर्यंत आले तेव्हा खाण बंद करून माणसं हलवावी लागली, एप्रिलमध्ये परत सुरू झाली. म्हणजे एकदा तपासलं आणि विषय संपला असं होत नाही. पोत्यांना टॅग लावायची आयटीएससीआय पद्धत आहे ना, तिच्यावरही २०२२ मध्ये ग्लोबल विटनेस या स्वयंसेवी संस्थेने आरोप केले की भलत्याच खाणींचा माल टॅग लावून पुढे जातोय.
आणि काँगो वगळलं की माल आपोआप स्वच्छ होतो असंही नाही. मी कामानिमित्त इंडोनेशियात होतो तेव्हा बांका बेटावर जाणं व्हायचं. विमान खाली आलं की जमिनीवर पांढऱ्या वाळूत हिरवी-निळी डबकी दिसतात, शेकडो, ते सगळे सोडून दिलेले खड्डे. किनाऱ्यावर लाकडी तराफ्यांवर पंप लावून समुद्राचा तळ उपसत असतात, गाळ पुन्हा पाण्यात सोडतात, त्यात प्रवाळ गुदमरतं आणि कोळी सांगायचे की जवळ मासाच मिळत नाही, लांब जावं लागतं. तिथे युद्ध नाही, बंडखोर नाहीत, त्यामुळे तुमच्या शीटमधल्या त्या देशांच्या प्रश्नात हे येतच नाही. म्हणून सोल्डरवाल्याला स्मेल्टरच्या नावासोबत मूळ देशही विचारा.

जगदलपूरकर
थोडं अवांतर, पण आपल्या देशातही आहे हे. बस्तरमध्ये दंतेवाडा-सुकमा भागात आदिवासी बायका-माणसं नाल्याकाठची माती खणून पाण्यात धुतात, हलकं वाहून जातं आणि तळाला काळे दाणे राहतात, ते कॅसिटेराइट, म्हणजे कथलाचं खनिज. मूठभर हातात घेतलं तर एवढंसं दिसूनही वजनाने हात खाली जातो. राज्याचं खनिज महामंडळ ते किलोवर विकत घेतं. उत्पादन थोडं आहे, देशाची गरज त्यावर भागत नाही, बहुतेक कथील बाहेरूनच येतं. पण खरेदी केंद्र लांब असलं की दलाल मधे येतो आणि पडेल भावात घेऊन जातो हे मी स्वतः पाहिलंय. जबाबदार खरेदी म्हणतात त्यात खणणाऱ्या बाईच्या हातात किती पडले हेही धरायला हवं असं मला वाटतं.

भोसरीची_मानसी
सगळ्यांचे खूप आभार. सोल्डर कंपनीला थेट मेल केला, तिसऱ्या दिवशी त्यांचा सीएमआरटी आला, डीलरने मला हे कधी सांगितलंच नव्हतं. पाच स्मेल्टर आहेत, त्यातले चार यादीत कन्फॉर्मंट दिसले, एक सापडत नाहीये. आणि पेस्टवाला म्हणतोय आमचं १०० टक्के रिसायकल्ड आहे, स्मेल्टर लागू नाही. खरं का?

क्वालिटीवाला_नाशिक
रिसायकल्डला वेगळी वागणूक आहे हे खरं, पण नाव द्यावंच लागतं, भंगार वितळवणाराही स्मेल्टरच. तुमच्या वेव्हच्या भांड्यावर जो राखाडी ड्रॉस जमतो तोच कोणीतरी गोळा करून नेतो आणि त्याचे परत बार होतात, त्यात मधेच नवीन कथील मिसळलं तर १०० टक्के कसलं? लेखी विचारा, कोण वितळवतो आणि नवीन धातू मिसळतो का.
पाचव्याचं नाव लपवू नका किंवा शीटमधून उडवू नका. ते तसंच भरा, शेऱ्यात "ऑडिटची स्थिती सापडली नाही, सप्लायरकडे विचारणा केली" असं लिहा, तारीख टाका आणि मेल जोडा. सोल्डर कंपनीला सांगा की पुढच्या ऑर्डरच्या आधी उत्तर हवं. ४० किलो असले तरी विचारा, त्यांना असे मेल दहा जणांकडून गेले की ते त्या स्मेल्टरला विचारतील.